डावी बाजू आधी

२ एप्रिल

गिऱ्हाइकांचे नंबर लिहायला आणलेली ही वही आजपासून माझी. उद्या कोणी विचारलं की या भागात डिजिटल नाणं घेणारं पहिलं सलून कोणतं, तर कागदोपत्री पुरावा हवा. दादा विचारणार नाही, पण जग विचारेल.

सलून वडिलांचं. दोन खुर्च्या, समोर एकच लांबलचक आरसा. दाराजवळची खुर्ची दादाची, आतली माझी. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आणि बोलायला माझ्याहून ऐंशी पट कमी. वडील गेल्यापासून बावीस वर्षं आम्ही भाडं अर्धं-अर्धं भरतो आणि वडिलांचे दोन नियम पाळतो. पहिला, एकाने सुरू केलेलं डोकं दुसऱ्याने हातात घ्यायचं नाही, मग आभाळ कोसळो. दुसरा, महिन्याच्या पहिल्या सुट्टीला आम्ही एकमेकांचे केस कापायचे.

आज भांडण झालं ते टोपीवाल्यामुळे. हा माणूस पूर्ण टकला, फक्त दाढीला येतो, पण कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं. महिनाभर तो मला नाण्याबद्दल सांगतोय. हे नाणं हातात येत नाही, फाटत नाही, खोटं निघत नाही. एका मोबाईलमधून दुसऱ्या मोबाईलमध्ये जातं, जगभरातली यंत्रं त्याची शहानिशा करतात आणि मग पैसे ‘पक्के’ होतात. जे आधी घेतील ते तरतील म्हणे. मी दादाला म्हटलं, आजपासून आपण हेच घेऊ.

दादाने वस्तरा पुसला. "म्हणजे केस खरे कापायचे आणि पैसे हवेतून घ्यायचे?"

"हवा नाही, दादा. भविष्य आहे हे."

"मग भविष्यात कापू."

माझं डोकंच फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं, की आजपासून माझी खुर्ची रोख घेणार नाही. तीस जूनला भाडेकरार पुन्हा व्हायचाय. तोवर माझं अर्धं भाडं या नाण्यातून निघालं तर दुकान एकत्र राहील. नाही निघालं तर मी माझी खुर्ची उचलून दुसरीकडे जाईन.

दादाने खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. "तिचा पाय सिमेंटमध्ये आहे," म्हणाला.

संध्याकाळी मी दोन खुर्च्यांच्या मध्ये पडदा लावला. निळा, घरातला जुना. आरशाला मात्र पडदा लावता येत नाही. दादा आरशात दिसतोच.

५ एप्रिल

इतिहास घडला! पहिलं गिऱ्हाईक. कमरेपर्यंत केस असलेला एक तरुण, दारावर मी खडूने लिहिलेली पाटी वाचून आत आला. सगळे केस उतरवायचे होते त्याला. पाऊण तास लागला. मग त्याने मोबाईलवर बोट फिरवलं, "पाठवले" म्हणाला, हात मिळवला आणि निघून गेला. माझ्या मोबाईलवर आलं: ‘पैसे वाटेत आहेत.’

पडद्यापलीकडून दादा म्हणाला, "हवा आली का?"

मी पडदा ताणून घेतला. लहान मनाच्या माणसाशी काय बोलायचं?

६ एप्रिल

पैसे अजून वाटेत.

७ एप्रिल

पैसे वाटेतून परत फिरले. टोपीवाला म्हणाला, पक्के होण्याआधी त्याने रद्द केले असणार. मी म्हटलं, अहो पण मी केस कसे रद्द करू? भांडेवाला पातेलं परत घेतो, शिंपी शर्ट अडवून ठेवतो. मी काय, तीन हात केस गोंद लावून चिकटवू त्याच्या डोक्याला?

केस एका पिशवीत भरून ठेवलेत. पुरावा म्हणून.

दादाची दाढ दुखतेय. गाल टम्म सुजलाय. डेंटिस्टसाठी त्याने डब्यात पैसे जमवलेत, जाईन म्हणतो. जाऊ दे, मला काय!

८ एप्रिल

अंघोळ करताना सुचलं! अर्धं काम आधी, अर्धं नंतर. डोक्याची डावी बाजू कापायची आणि थांबायचं. गिऱ्हाइकाने पैसे पाठवायचे. पक्के झाले की उजवी बाजू. अर्धं डोकं घेऊन कोण पळून जाईल?

पाटी रंगवून घेतली: ‘डिजिटल नाणे स्वीकारले जाईल. डावी बाजू आधी.’

हिला दाखवली. ही पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांशी सुट्ट्या पैशांवरून भांडून येते, त्यामुळे पैशातलं आपल्यालाच कळतं असं तिला वाटतं. पाटी वाचून ती खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी म्हटलं, हसा. सगळ्या शोधांना लोक आधी हसतातच.

१२ एप्रिल

नियम जोरात चाललाय. नाणं पक्कं व्हायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दोन तास. पाठवणाऱ्याने वर थोडा वाटखर्च द्यायचा असतो. वाटखर्च जास्त दिला तर पैसे धावत येतात, कमी दिला तर बसत-उठत. लोक चिक्कू, कमीच देतात. मग ते बाकावर बसून राहतात. आज एका वेळी तीन जण बसले होते, तिघांचीही डावी बाजू चकाचक आणि उजवी झुडूप. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी आत डोकावून विचारलं, इथे कसले उपचार करतात?

दादाच्या गिऱ्हाइकांना बसायला जागा उरली नाही. दादा घरून दोन स्टुलं घेऊन आला.

१५ एप्रिल

घरात रोख संपली. ही म्हणाली, "तुमच्या मोबाईलमधून भाजी आणून दाखवा." गेलो. कांदे, बटाटे, वांगी घेतली आणि भाजीवालीला नाण्याबद्दल समजावलं, चांगली वीस मिनिटं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "तुमचा नंबर द्या." मला वाटलं, पटलं हिला! नंबर दिला. तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, वांग्यांचा फोटो काढला आणि मला पाठवला. "घ्या. पैसे मोबाईलात, तर वांगीपण मोबाईलात."

अडाणी बाई. फोटो छान आला होता मात्र.

हिने आपल्या पगारातून भाजी आणली. जेवताना म्हणाली, "अहो, ते कसं चालतं ते मला एकदा नीट दाखवा." बघा, शेवटी उत्सुकता वाटलीच. मी दाखवलं. मला जे दोन आठवड्यांत कळलं नव्हतं ते तिने अर्ध्या तासात मला समजावून सांगितलं. म्हणजे मी शिकवलं चांगलं.

२२ एप्रिल

वाईट आठवडा. भाव असा वरखाली होतो की कापता-कापता दर बदलतो. आज मास्तर आले होते, शाळेतले रिटायर झालेले. डावी बाजू झाली आणि ते मोबाईल बघून म्हणाले, "थांबा, भाव चढतोय. पाच मिनिटांनी दिलं तर मला कमी द्यावं लागेल." मी थांबलो. मग भाव उतरायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आता लगेच द्या. ते म्हणाले, आता परत चढू दे. असे आम्ही दोघं पावणेदोन तास मोबाईलकडे बघत बसलो. तेवढ्यात दादाने सात डोकी उरकली.

दिवसभरात माझं एकच डोकं झालं, तेही अर्धंच. मास्तर वैतागून उठून गेले.

हिशोब केला. या गतीने तीस जूनपर्यंत अर्ध्या भाड्याचा चौथा हिस्साही निघत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगतोय. मी बोललो तेव्हा मला खुर्ची उचलायची नव्हती. पण चार लोकांसमोर बोललेलं आता गिळू कसं? जागा बघून ठेवलीय एक, मागच्या गल्लीत. तिथे आरसा लहान आहे. एकट्यापुरता.

४ मे

महिन्याची पहिली सुट्टी. एरवी आज आम्ही एकमेकांचे केस कापतो. मी दहा वाजता दुकानात जाऊन उगाच कात्र्यांना तेल घातलं. दादापण आला. त्याने त्याच्या कात्र्यांना तेल घातलं. मी म्हटलं, याने विचारावं. त्याच्या मनात काय होतं देव जाणे. बारा वाजता दोघंही घरी गेलो.

गेल्या महिन्याची कटिंगही राहिली होती. दादाची कॉलर आता केसांमुळे दिसत नाही.

६ मे

दुनिया बदलतेय! काल-आज मिळून पाच गिऱ्हाईकं, सगळी नाणंवाली! आणि कोण-कोण! चष्मा दुरुस्त करणारा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. इस्त्रीवाला गेल्या आठवड्यात नोट घेऊन आला होता, मी परत पाठवला; त्याच्याकडे बटणांचा जुना मोबाईल आहे. मी म्हटलं, यातून कसं जाणार? तो पडद्याकडे बघत म्हणाला, "जातं हो. तुम्ही कापा." डावी बाजू झाल्यावर त्याने दोन बटणं दाबली आणि चार मिनिटांत माझ्याकडे पैसे पक्के!

यंत्र किती पुढे गेलंय याची आपल्याला कल्पना नसते.

११ मे

आज एक म्हातारबाबा आले. डावी बाजू झाली. मी म्हटलं, बाबा, आता पैसे पाठवा. त्यांनी मोबाईल कानाला लावला आणि मोठ्याने म्हणाले, "पाठवले!"

आणि आले! पक्के! मी चाट पडलो. टोपीवाल्याला विचारलं, कानाला लावूनही जातात का? तो म्हणाला, माझ्या तरी ऐकण्यात नाही. म्हणजे आता मी टोपीवाल्याच्याही पुढे गेलो.

पैसे पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून अक्षरांची आणि आकड्यांची मोठी माळ येते. या नव्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांच्या माळेच्या शेवटी क्यू-सात असतं. एकाच कंपनीचे मोबाईल असणार.

दादापण नवा मोबाईल घेऊन बसलाय. या वयात! बातम्या वाचायला, म्हणाला. गिऱ्हाईक सोडून मधेच चष्मा लावून त्यात बोट घालत बसतो. मी आरशात बघतो ना सगळं. मी मोबाईल घेतला तेव्हा मला नावं ठेवत होता.

१७ मे

ही रोज ऑफिसातून परस्पर दादाच्या घरी जाते आणि उशिरा येते. विचारलं तर म्हणे, "भाऊजींना मोबाईलवर टाईप करायला शिकवते. बोटं जाड आहेत त्यांची." शत्रुपक्षाला शिकवणी! पण मी मोठ्या मनाचा आहे.

केस फारच वाढलेत, कानात जातात. दुसरीकडे जाऊन कापून घेतले तर बातमी होईल. म्हणून आज समोर आरसा, मागे हातआरसा धरून मीच कापायला बसलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे उभा राहणारा माणूस मी, स्वतःच्या मागे उभं राहायची वेळ आली तर हात उलटाच जातो. डाव्या कानामागे पैशाएवढं टक्कल पडलंय. आता टोपी घालून बसतो. टोपीवाल्याला वाटलं, त्याच्या मानासाठीच घातली.

२५ मे

संकट आलंय.

आज गाळामालक आले. ज्यांच्या हातात करार, तेच. जावयाने त्यांना थोडी नाणी भेट दिलीत, ती वापरून बघायची होती. नव्या ओळखपत्राच्या फोटोसाठी तीस वर्षांची मिशी उतरवायची म्हणाले. मी म्हटलं, मालक, तुमच्यासाठी नियम बाजूला ठेवतो. ते म्हणाले, "नाही, नियम तो नियम. मी काय पळपुटा वाटलो का?" मग काय! डावी मिशी उतरवली आणि थांबलो.

मालक एक नंबरचे चिक्कू. वाटखर्च टाकला शून्य.

संध्याकाळपर्यंत पैसे वाटेत. मी म्हटलं, राहू द्या, उजवी काढून टाकतो. ते म्हणाले, "पैसे न पोचता काम घेतलं तर मी फुकट्या ठरतो. आणि परत पाठवणार नाही, एका मिशीचे दोनदा पैसे देणारा मी मूर्ख नाही." दादाच्या खुर्चीकडे त्यांनी आशेने पाहिलं. दादा म्हणाला, "सुरू केलेलं डोकं मी घेत नाही, मालक. वडिलांचा नियम आहे."

त्या क्षणी मला दादाचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की दोन्ही एकदम कसं वाटतं ते लिहिता येत नाही.

मालक नाकाला रुमाल लावून गेले.

२७ मे

पैसे वाटेत. मालकांची बायको म्हणे त्यांच्या फक्त उजव्या बाजूला बसते. डाव्या बाजूने बघितलं की परका माणूस घरात शिरल्यासारखं वाटतं तिला.

मालकांनी निरोप पाठवलाय: "करार मिशीनंतर." म्हणजे पैसे आले नाहीत तर मीच जाणार असं नाही, दादाचीही खुर्ची जाणार. माझ्यापायी. जेवलो नाही.

२८ मे

आले!! सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पक्के! मी धावत मालकांच्या घरी गेलो, तिथेच अंगणात उजवी मिशी उतरवली. मालक आरशात बघून म्हणाले, "अरे, मी तर माझ्या धाकट्या भावासारखा दिसतो!" आणि मला चहा दिला.

पत्त्याच्या शेवटी क्यू-सात. मालकांचाही मोबाईल त्याच कंपनीचा निघाला.

दादाला म्हटलं, "बघितलंस? हवा वेळेवर आली." तो म्हणाला, "हं." एकाच बाजूने पाव चावत होता. दाढ अजून काढली नाही याने. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने!

३ जून

विचित्रच झालं. मालकांचे पैसे आज आले! म्हणजे परत आले, दुसऱ्यांदा. या वेळी पत्ता वेगळाच. मी प्रामाणिक माणूस, जाऊन सांगितलं, मालक, तुम्ही दोनदा पाठवलेत. ते म्हणाले, "मी एकदाच पाठवले. शपथ. तुम्हाला जास्त आले असतील तर ते माझे."

"अहो, पण आधीचे कोणाचे मग?"

"ते तुम्ही बघा. माझी मिशी एकच होती."

एका मिशीचे पैसे परत केले. टोपीवाल्याला विचारलं, तर तो चेहरा गंभीर करून म्हणाला, यंत्रणेत कधीकधी असं होतं. मला वाटतं, पैसे वाटेत फार दिवस राहिले की वाढतात.

९ जून

वहिनी दुकानात आल्या होत्या, दादा बाहेर गेलेला असताना. "भावोजी, तुमच्या भावाला विचारा, दाढेचे पैसे कुठे गेले? डबा रिकामा आहे. विचारलं तर नुसते हसतात. हसताना दुखतं, तरी हसतात."

मला धक्काच बसला. दादाला कसला नाद लागला? जुगार? लॉटरी? पन्नाशी उलटल्यावर माणसं बिघडतात असं ऐकलं होतं. माणसाने आपला पैसा असा उधळावा? मी ठरवलंय, जिंकलो की मोठ्या मनाने त्याला चार समजुतीचे शब्द सांगेन.

१९ जून

या आठवड्यात अकरा गिऱ्हाईकं. माझा हात बसलाय आता. डावी, थांबा, पक्के, उजवी. दादाची लोखंडी खुर्ची मात्र बऱ्याचदा रिकामी दिसते. त्याची जुनी माणसं दारातून आत येतात, त्याच्याशी दोन शब्द कुजबुजतात आणि पडदा सारून माझ्याकडे येतात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काळ कोणासाठी थांबत नाही. इस्त्रीवाला तर महिन्यात तिसऱ्यांदा आला. कापायला केसच नव्हते त्याला. मी नुसती हवेत कात्री चालवली. पैसे आले.

३० जून

जिंकलो.

अर्धं भाडं नाण्यात निघालं, वर चार डोक्यांचे पैसे उरले. मालक करार घेऊन दुकानात आले. भाडं नाण्यात घ्यायला ते तयार झालेत, पण माझ्याच नियमाने. त्यांनी कागदावर अर्धी सही केली, फक्त आडनावाआधीची, आणि पेनाला टोपण लावून बाकावर बसले. "पक्के झाले की उरलेली." दीड तास ते, मी आणि दादा अर्ध्या सहीकडे बघत बसलो. या वेळी वाटखर्च मी भरपूर टाकला होता, पण जगभरातली यंत्रं आज कुठे गुंतली होती कोण जाणे.

दादाचा पाय सारखा हलत होता. हात खिशातल्या मोबाईलकडे जायचा आणि परत यायचा.

शेवटी पक्के झाले. मालकांनी आडनाव लिहिलं. करारावर नावं दोन, दुकान एक. मी दादाकडे विजयी नजरेने पाहिलं. वाटलं होतं, तोंड पाडून बसेल. तर तो उठला, माझ्या खुर्चीच्या सिमेंटमधल्या पायावर चप्पल घासली आणि म्हणाला, "बरं झालं. फोडावं लागलं असतं." मग पाठ फिरवून बराच वेळ तुरटी धूत बसला. तुरटी कोणी धुतं का? निम्मी विरघळली.

१ जुलै

आज मोठं मन करायचं ठरवलं. उरलेली चार डोक्यांची नाणी दादाच्या दाढेसाठी द्यायची. बाजारातला डेंटिस्ट आता नाणं घेतो. हिला म्हटलं, "दादाला नाणं शिकवायला हवं, म्हणजे त्याला पाठवता येईल."

ही भाकऱ्या थापत होती. हात थांबला. "पाठवा की. पत्ता आहे त्यांचा."

"दादाचा? कसला पत्ता?"

तिने हात धुतले, पर्समधून चिठ्ठी काढून दिली. अक्षरांची माळ, तिच्याच अक्षरात. मी एकेक अक्षर मोबाईलमध्ये घालत गेलो. शेवटून दुसरं क्यू होतं. मला वाटलं, यानेपण त्याच कंपनीचा घेतला. शेवटचा आकडा सात.

मोबाईलवर आलं: ‘या पत्त्याशी तुमचे आधी ४१ व्यवहार झाले आहेत.’

मी ते तीनदा वाचलं. मग हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "इस्त्रीवाल्याच्या बटणांच्या मोबाईलमधून नाणी येतात असं खरंच वाटलं तुम्हाला?"

खरंच वाटलं होतं.

मग तिने सगळं सांगितलं. एप्रिलच्या शेवटी दादा तिच्या खिडकीवर येऊन उभा राहिला, पाणीपट्टीच्या रांगेत, पाऊण तास. नंबर आल्यावर म्हणाला, धाकट्याने मागच्या गल्लीत जागा बघितलीय असं कानावर आलं, मला ती हवा विकत घ्यायला शिकव. डब्यातल्या पैशांची नाणी घेतली ती भाव वर असताना. पुढच्याच आठवड्यात भाव उतरला, तर हा म्हणे, स्वस्त झाली, अजून घेऊ. मग तो आपल्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे पाठवायला लागला. तुम्ही नुसतं पाठवले म्हणा, बाकी मी बघतो. म्हातारबाबांनाही हेच सांगितलं होतं. मोबाईल कानाला लावायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

"आणि मिशी?" मी विचारलं.

"मिशीच्या वेळी अख्खी रात्र झोपले नाहीत. एक अक्षर चुकलं तर पैसे भलत्याकडे जातील म्हणून माझ्याकडून चारदा वाचून घेतलं."

"मिशी त्याने स्वतः उतरवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं!"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, धाकट्याने सुरू केलेली आहे."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण पुरावा म्हणून वही ठेवलीय तर सगळंच लिहावं.

६ जुलै

महिन्याची पहिली सुट्टी. दहा वाजता दुकानात गेलो. पडदा काढला, झटकला. खिळे तसेच राहू दिले.

दादा आला. मी माझ्या खुर्चीवर हात थोपटला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, आरशात माझ्याकडे पाहिलं आणि बसला. तो निळा पडदाच मी त्याच्या गळ्याभोवती बांधला. चार महिन्यांचे केस. मानेवर पांढरे किती झालेत ते मला माहीतच नव्हतं. आरशात मान दिसत नाही.

डावी बाजू कापली. मग सवयीने हात थांबला. दादा अर्ध्या डोक्याने आरशात बघत बसला. गाल अजून सुजलेलाच.

"हवा आली नाही का अजून?" त्याने विचारलं.

मी सकाळपासून पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. समजुतीचे चार शब्दसुद्धा.

"आली," मी म्हटलं. "एक्केचाळीस वेळा आली."

दादाचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाला, "बेचाळीस. एक इस्त्रीवाल्याकडून रोखीने दिली होती, तू घेतली नाहीस."

मी उजवी बाजू सुरू केली. ती संपल्यावर त्याने मला बसवलं, माझी टोपी काढली, कानामागचं टक्कल बघून मनसोक्त हसला आणि हसता-हसता गाल धरून कळवळला. चार वाजता डेंटिस्टकडे नंबर लावलाय, मी बरोबर जाणार आहे. डेंटिस्ट म्हणालाय, नाणी द्यायची असतील तर दाढ आधी अर्धीच काढेन. रोख घेऊन जातोय.